आबांच्या गळ्याची फिल्म

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आज्जी, आबांच्या आवाजाचं एखादं रेकॉर्डिंग आहे का?" आणि मग अन्वी हळूच म्हणाली, "शेवटी शेवटी आबा आमच्याशी बोलायचेच नाहीत... नुसता हात हलवायचे." ते माझ्या मनाला लागून राहिलं. भेटायला येणाऱ्या माणसांची रीघ आता थांबली आहे, आबांचे कपडे देऊन झाले, मी फार थकले आहे. पण हे तुम्हाला नीट कळायला हवं, म्हणून लिहिते.

तुमचे आबा धुळ्याच्या मार्केट यार्डात हर्राशी, म्हणजे मालाचा लिलाव, पुकारत. मिरचीचा ढीग, भोवती व्यापारी आणि चढत जाणारा भाव सांगणारा त्यांचा आवाज. शिरपूरकडच्या खेड्यातला माणूस, घरातही अहिराणीच बोलायचा. मी जळगावची, शाळेत इंग्रजी शिकवणारी. मी उत्तरं पुस्तकी मराठीत द्यायचे. आमचं कधी अडलं नाही. मग एका तापानंतर तो आवाज फाटला. आधी वाटलं, मिरचीची धूळ असेल... पण महिने गेले. धुळ्यातल्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. स्वरपट्ट्या स्वच्छ, गाठ नाही. नाशिकला लुकलुकत्या दिव्याने तपासलं. तो दिवा आवाजाच्या लयीशी जुळावा लागतो आणि आबांच्या आवाजाला लयच उरली नव्हती. चित्र नुसतं उड्या मारत राहिलं. मनावर ताण असेल, असं म्हणून गोळ्या दिल्या. ही गोष्ट यार्डात पोचायला वेळ लागला नाही. "काय आबा, मौन धरं का? का भाव पुकारानी लाज वाटस आते?" असं हसत हसत म्हणत लोकांनी दुसरा पुकारणारा नेमला. आबा घरी येऊन खाटेवर बसत. "नाटक नही करी ऱ्हायनू मी," एवढंच घोगऱ्या आवाजात म्हणत.

शेवटी पुण्याला गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी त्यांची जीभ कापडात धरली, कॅमेऱ्याची नळी तोंडात घातली आणि म्हणाल्या, "आबा, ई म्हणा. लांबवा." हा कॅमेरा एका सेकंदात हजारो चित्रं घेतो. आवाजाला लय असो नसो, पट्ट्यांची प्रत्येक हालचाल सुटी दिसते. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या सावकाश उघडत-मिटत होत्या. उजवी वेळेवर यायची, डावी दर वेळी उशिरा.

"डावीकडची नस दुबळी झालीय," बाई म्हणाल्या. "व्यायामाने घरात बोलण्यापुरता आवाज येईल. हर्राशीचा मात्र नाही."

मी खचले. आबा मात्र पडद्याला बोट लावून मला दाखवत होते, "दख, डावी मांगे पडी ऱ्हायनी. नाटक नव्हतं!"

ती फिल्म मोबाईलवर घेऊन ते यार्डभर फिरले. ती उघडमिट पाहून एका शेठजींनी विचारलं, "आबा, हा मासा शे का?" आबा इतके हसले की खोकला आला. त्यांना काम परत मिळालं नाही, पण मौनाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मग रोज सकाळी व्यायाम. पेल्यात पाणी, त्यात नळी आणि नळीतून हुंकार देत बुडबुडे काढायचे. स्वयंपाकघरात चहा उकळायचा आणि शेजारी आबा. तुमचा फोन आला की मात्र कॅमेऱ्यापुढे हात हलवून उठून जात. मी रागावले तर म्हणत, "पोरे घाबरी जातीन. आवाज बरा व्हऊ दे, मंग बोलसू." आवाज खरंच सुधारत होता. दिवाळीत बोलणार होते तुमच्याशी. तुमची नावं मोठ्याने म्हणून बघत... मी ऐकलं आहे.

त्या सकाळी बुडबुडे थांबले. मला वाटलं, व्यायाम आटोपला. चहा गाळून वळले, तर आबांची मान छातीवर पडलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तुम्ही मागितलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही. आवाज होता तेव्हा कुणाला सुचलं नाही, तो गेल्यावर त्यांनी करू दिलं नाही. पेला घासून खिडकीत ठेवलाय, नळी त्यातच आहे. आणि माझ्या फोनमध्ये ती फिल्म आहे. इतक्या सावकाश केलेल्या चित्रांना आवाज नसतो. आबा 'ई' म्हणताहेत. डावी पट्टी दर वेळी उशिरा येते, पण येते.