बाजाराकडचं फाटक

मामींचा फोन आला तेव्हा मी वाशीमला घरी भाजी निवडत होते. "बाई, तुहे मामा गेले," त्या म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत, "आन् फाटक बंदच हाये अजून." मला तेव्हा रागच आला. माणूस गेल्याचं सांगताना फाटकाचं काय घेऊन बसल्या? मामांच्या गावी, शेलूबाजारला जाणाऱ्या जीपमध्ये बसल्यावर मग हळूहळू उमगलं... मामा उठून फाटक उघडायला गेले नाहीत, म्हणूनच मामींनी त्यांना हलवून पाहिलं होतं.

देवराव मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. स्टँडजवळ त्यांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे आपल्याकडचं हॉटेल. भट्टी, बाकडी, आलूबोंडे आणि दिवसभर उकळणारा चहा. तेवढ्याला सुद्धा ग्रामपंचायतीची ना-हरकत, अन्नाचा परवाना, सांडपाणी कुठं सोडता, धूर कोणाच्या खिडकीत जातो, हे सगळं. मामा कुरकुरायचे आणि करायचे. "लोकाइले खाऊ घालाचं म्हनजे कोनाच्या तरी दारात बसाचं. इचारून बसा लागते," असं त्यांचं म्हणणं. पुढे हायवे रुंद झाला, त्यात हॉटेल गेलं. मामांनी त्यातलं एक बाकडं तेवढं घरी आणलं आणि त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत.

रिकामे झाल्यावर ते विहारात रमले. आमच्या विहाराचं जुनं फाटक बाजाराकडं उघडायचं. समोर हातगाड्या, सडकी पानकोबी, मोकाट गाई. मागच्या बाजूला नवीन प्लॉट पडले, चांगला रस्ता झाला, तेव्हा तिकडून कमान बांधावी असं ठरलं. ठरवणाऱ्यांत सगळ्यात पुढं मामा. कमान झाली, देखणी झाली, आणि आता बाजाराकडचं फाटक विटा लावून बुजवून टाकू, हेही सगळ्यांनी हौसेनं ठरवलं. अर्धी भिंत उठली सुद्धा. गावात कोणाच्याही डोक्यात आलं नाही की आपण काय करून बसतोय. फक्त गजूच्या डोक्यात आलं.

गजू गावचाच. मामांच्या हॉटेलात बोंडे खातच मोठा झालेला. बाजारगल्लीत, विहाराच्या जुन्या फाटकासमोर त्याची जागा. तिथं त्यानं 'फॅमिली रेस्टॉरंट' काढायचं ठरवलं. म्हणजे पुढं कुटुंबासाठी टेबलं आणि आत दारू. आता अशा हॉटेलाला शाळा, देऊळ, विहार यांच्यापासून ठरलेलं अंतर ठेवावं लागतं. ते अंतर या दारापासून त्या दारापर्यंत, पायी माणूस ज्या वाटेनं सहज जातो त्या वाटेनं मोजतात. जुनं फाटक चालू असलं तर गजूचं दुकान समोरच. ते बुजवलं की बाजाराला वळसा घालून थेट मागच्या कमानीपर्यंत मोजायचं... आणि मग गजू नियमात बसतो. आम्हीच भिंत बांधून त्याला बसवत होतो.

मामांना हे कळलं तेव्हा त्यांनी स्वतः सब्बल घेऊन भिंत पाडली. लोक चिडले. एवढी कमान बांधून पुन्हा घाणीतून कोण येणार? रोज फाटक कोण उघडणार, कोण झाडणार? मामा म्हणाले, "मी." मला त्यांनी कारण सांगितलं ते एकच. संध्याकाळी विहारात मुली अभ्यासाला बसतात. घरी जागा नाही, टीव्ही चालू, त्या इथं येतात. "एक दिवस त्याइच्या घरचे म्हनतील, नोको जाऊ तिकडं. तितकंच म्हनतील. झालं मंग." त्या दिवसापासून हॉटेलचं बाकडं फाटकाच्या आत गेलं आणि मामा त्याच्यावर.

गजूच्या परवान्यासाठी मोजणी झाली. टेप घेऊन आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे दार वापरात आहे का?" मामा म्हणाले, "बसा ना थोडं, पाहा." साहेबांना बसायला वेळ नव्हता. त्यांनी दोन्ही बाजूंनी मोजलं, दोन्ही आकडे लिहून घेतले आणि प्रकरण वाशीमला सुनावणीला गेलं.

सुनावण्यांचं काय सांगू. मामा सकाळच्या गाडीनं माझ्याकडं यायचे, मी त्यांना स्कूटीवर ऑफिसात नेऊन सोडायची, आणि दुपारी कळायचं की साहेब दौऱ्यावर आहेत. पुढची तारीख. पुन्हा तेच. मी थकले, त्यांचं मला कळायचं नाही. गजूही तिथंच बाकावर. दोघं मिळून चहा प्यायचे. "बापू, मी काय चोरून करून राह्यलो का? परवानगीनंच करून राह्यलो ना," गजू म्हणायचा. "म्हनूनच तं मीबी परवानगीनंच आडवा येऊन राह्यलो," मामा म्हणायचे. आणि मग गजू त्यांना आपल्याच गाडीतून गावी घेऊन जायचा. "बसा बापू, भांडू उद्या."

शेवटच्या वेळी मी म्हटलंच, "मामा, सोडा आता. कायले एवढं जिवाला लावून घेता?" ते पायऱ्यांवर बसून धाप टाकत होते. "सोडलं अस्तं बाई. पन भिंत मीच बांधाले लावली होती," म्हणाले. मला त्यांचा फार कंटाळा आला होता आणि फार कीवही येत होती, दोन्ही एकदमच.

जलदान विधीला सगळे कमानीतूनच आले. तिकडं मंडप होता, मामांचा हार घातलेला फोटो होता. गजूही आला, मामींच्या पाया पडला, रडला. खोटं रडला नाही. जाताना मात्र सहज म्हणाला, "काकू, फाटकाचं आता कोन पाह्यल?"

या गोष्टीला काही आठवडे झाले. सुनावणीची तारीख पुन्हा पुढं गेली आहे, आणि मोजणी नव्यानं होणार म्हणतात. परवा मी गेले तेव्हा ऑटोवाल्यानं नेहमीसारखं कमानीपाशी सोडलं. आत गेले तर पलीकडं बाजाराचं फाटक सताड उघडं. बाकड्यावर मामी, गुडघे चोळत. फाटकाशी मुलींच्या चपला पडलेल्या, आणि त्यांच्यात एका बाजूला मामांच्या, अंगठा झिजलेल्या, ओळखू येतील अशा. मी मामींशेजारी बसले, त्या चपलांकडं बघत.

"रोज आनतो आन् रोज घरी नेतो," त्या म्हणाल्या. "साहेब कव्हाबी येईन. दार वापरात हाये का म्हनून पाह्यल. चार पोट्ट्याइच्या चपला म्हंजे कोनीबी म्हनन का लेकरं खेळाले आली. बाप्या मानसाच्या असल्या म्हंजे बरं."

कित्ती दिवस हे चालणार, आणि त्यातून काय होणार, मला खरंच माहीत नाही. मी उठले, आलेल्या वाटेनं कमानीतून बाहेर पडले, सगळ्या बाजाराला वळसा घातला, गजूच्या बंद शटरवरून पुढं आले, आणि जुन्या फाटकाशी, मामांच्या चपलांजवळ, माझ्या काढल्या.