डब्यातल्या गोळ्या आणि शोभाताईचा पहिलवान

मी लिहिलेल्या कार्टूनमधला जंतू शेवटी मरतो.
माझ्या बहिणीच्या अंगातला मेला नाही.

आज शोभाताईला जाऊन वर्ष झालं. माझी चुलत बहीण. अहमदपूरजवळच्या एका उपकेंद्रात नर्स होती.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी गावी होतो. टँकरच्या पाण्यानं अर्ध्या गल्लीचं पोट बिघडलेलं. हॉटेलात मात्र विषय एकच, उदगीर जिल्हा होणार का.

ताई म्हणाली, "जिल्हा नवा करतील. पाणी हेच पाजतील."

तिच्यासोबत घरोघरी फिरलो. प्रत्येक घरात स्टीलचा एक डबा. त्यात कात्रीनं कापलेल्या स्ट्रिप्स, मागच्या आजारातून उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या.

शेजारच्या गयाबाई म्हणाल्या, "दोन दिसांत बरं वाटलं, बाई. बाकीच्या ठेवल्या. कोणाच्या तरी कामी येतील."

"लोणचं हाय का ते मावशी, मुरवत ठेवायला?" ताई म्हणाली.

परत येताना ताई मला म्हणाली, "अर्ध्या कोर्समधून जे जंतू वाचतात ना, ते पहिलवान होतात. मग गोळी म्हणजे त्यांचा खुराक. हे लिही तुझ्या कार्टूनात. लोक माझं ऐकत न्हाईत, टीव्हीचं ऐकतात."

मी तेव्हा एका चॅनेलसाठी मुलांचं विनोदी कार्टून लिहायचो. एपिसोड लिहिला. आजीच्या पोटात जंतूंची तालीम. आजी दोन गोळ्या घेऊन थांबते. एक मरतुकडा जंतू वाचतो, मिशीला पीळ देतो, पोरांना डाव शिकवतो. शेवटी तीच गोळी पुन्हा येते, आणि पहिलवान तिच्यावर मांडी घालून बसतो.

चॅनेलचा फोन आला.
"मस्त आहे. पण मुलं घाबरतील. जंतू मरू दे. संध्याकाळपर्यंत हवं."

तासाभरात बदललं. आजी डबा उघडते, उरलेल्या गोळ्या खाते, पहिलवान चितपट.

वेळेत दिलं म्हणून तेव्हा बरं वाटलं होतं.
आता किळस येते.

एपिसोड लागला त्या दिवशी ताईचा फोन.

"डब्यातल्या गोळ्यांनी मेला व्हय रे?"

"ताई, कॉमेडी आहे ती."

"हाव. पोरं लई हसले. गयाबाईंनी बघता बघताच डबा उघडला."

गेल्या वर्षी ताईच्या ऑपरेशनच्या टाक्यांत पू झाला. लातूरहून नांदेडला हलवलं. रिपोर्टवर औषधांची यादी होती, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे तेच, लागू पडत नाही.

रिपोर्ट तिनंच वाचला. चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं.

"आला बघ तुझा पहिलवान."

आठवडाभरानं ती गेली.

तिसऱ्या दिवशी घरात माणसं बसलेली. रडून म्हणा, जागून म्हणा, माझा घसा धरला होता. ताईच्या आईनं, काकूनं, आतून स्टीलचा डबा आणला.

"शोभाच्याच हायत, दवाखान्यात नेलं तवा घरी उरलेल्या. घे दोन."

मी हात पुढे केला.
सवयीनं.
गोळ्या तळहातावर पडल्या, तेव्हा कळलं मी काय करतोय.

तो एपिसोड अजून सुट्ट्यांत लागतो. दिसला तर पोरांना एवढंच सांगा, याचा शेवट खोटा आहे. खऱ्या शेवटात पहिलवान गोळीवर मांडी घालून बसतो.

ताईनं सांगितलेलं मी बदललं.

जयभीम, ताई.