दाजींचा बैल

माझ्या बहिणीचे यजमान म्हणजे आमचे दाजी. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सगळे कारकून, त्यामुळे जनावराशी संबंध फक्त साईच्या दह्यापुरता. अशा माणसानं पशुखाद्याची एजन्सी घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी आनंदानं जवळजवळ नाचलोच. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणत. औरंगपुऱ्यात दाजींनी एक गाळा घेतला, सफारी शिवली, आणि गिऱ्हाईक दिसलं की 'प्रोटीन' हा शब्द ते अत्तरासारखा शिंपडू लागले. उन्हाळ्यात माळावरच्या वाळल्या गवतात सत्त्व नसतं, जनावराचं पोट भरतं पण हाडं वर येतात. त्यावर उपाय म्हणजे कंपनीची ही पावडर. पेंड, क्षार, मीठ, चिमूटभर युरिया आणि पचन वाढवणारं काहीतरी. हे 'काहीतरी' म्हणजे काय, असं कुणी विचारलं की दाजी वर आढ्याकडं बघत. जणू ते तिथून गळायचं होतं.

कंपनीची अट साधी होती. चरायला जाणारा एक हडकुळा बैल घ्यायचा, भर बाजारात लोकांना दाखवायचा, दोन महिने पावडर द्यायची आणि पुन्हा त्याच बाजारात उभा करायचा. लोकांना पटलं तर अख्ख्या पैठण तालुक्याची एजन्सी दाजींची.

पाचोडच्या एका शेतकऱ्यानं आपला पांढरा बैल दिला. बाजारात कर्ण्यावरून मीच ओरडलो, "बघून घ्या, मंडळी, बरगड्या मोजून घ्या!" मग बैल गारखेड्याला दाजींच्या परसात गेला. दिवसभर तो गुराख्याबरोबर माळावर चरायचा. पहिल्या संध्याकाळी दाजींनी नाकाला रुमाल लावून मूठभर कोरडी पावडर त्याच्यापुढं टाकली. बैलानं हुंगली आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच.

"अडाणी जनावर!" दाजी म्हणाले, आणि त्यानंतर शेणाच्या वासापायी परसात फिरकलेच नाहीत.

दोन महिने भरले. बाजाराच्या आदल्या दिवशी त्यांनी मला गाळ्यात बोलावून दार लोटलं. पैठणकडच्या एका गावातून त्यांनी धष्टपुष्ट पांढरा बैल भाड्यानं ठरवला होता, तो टेम्पोतून परस्पर पाचोडला येणार होता.

"दाजी, लोक ओळखतील की."

"मेव्हणे, पांढरा बैल म्हणजे पांढरा बैल. तुम्ही फक्त कर्णा सांभाळा."

मी सांभाळला. असा प्रयोग बंद पाडणं माझ्या स्वभावातच नाही.

दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा घालून तो गोमटा बैल उभा राहिला. शेजारी खुर्चीत कंपनीचे साहेब. दाजींनी हात पसरले, "ओळखा पाहू!"

बैल देणारा शेतकरी पुढं आला. त्यानं बैलाभोवती सावकाश एक फेरी मारली.

"साहेब, बैल लई झ्याक हाय. पण माझा कुठाय?"

"अहो, हाच तुमचा!"

"माझ्याचं डावं शिंग खाली वळलंय. ह्याची दोनीबी सरळ."

त्यावर दाजी जे बोलले त्यासाठी मी त्यांना जन्मभर विसरणार नाही. "शिंगांवरही परिणाम होतो."

गर्दीतून एक म्हातारा काठी आपटत म्हणाला, "मग मलाबी द्या दोन किलो. कंबर वाकलीया!"

बाजार हसून लोळला. फक्त शेतकरी हसत नव्हता. "माझा बैल कापायला धाडला व्हय रं?" म्हणत त्यानं दाजींची सफारी धरली. साहेबांनी आम्हा तिघांना जीपमध्ये कोंबलं आणि थेट गारखेडं गाठलं.

परसात बैल होता. डावं शिंग खाली वळलेलं, पाठ भरलेली, अंगावर तुकतुकी. धन्याला बघून त्यानं हंबरडा फोडला. शेतकरी त्याच्या गळ्यातच पडला.

ताई पदराला हात पुसत बाहेर आली. "कडू पावडर कोरडी कोण खाईल? मी गुळाच्या पाण्यात भिजवून भुशात कालवली. आधी चिमूटभर, मग वाढवत गेले. लेकरांना औषध देतो तसंच. आणि काय हो, दोन महिन्यांत एकदा तरी मागं डोकावलात?"

साहेब बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग दाजींकडं वळून म्हणाले, "हाच आणला असतात तर एजन्सी आजच तुमची होती. आता पाचोडात तुमच्या हातून कुणी मीठसुद्धा घेणार नाही."

दाजींचं तिकडं लक्षच नव्हतं. तोंड उघडं टाकून ते बैलाकडं बघत होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "ही पावडर खरंच लागू पडते?"