मेजरांचं एक वाक्य

सुरुवातीलाच माफी मागतो. कुणाचं व्यक्तिचित्र लिहावं असा माझा अधिकार नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं मराठी मस्कतमध्ये वाढलेल्या मुलाचं, चाचपडत चालणारं. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांच्यासाठी मी पूर्वी एकदा लिहिलं होतं, आणि ते नीट लिहिलं नव्हतं. तरी लिहितो, कारण ज्यांनी जगदाळे मेजरांना पाहिलेलं नाही, त्यांच्या कानावर यापुढे त्यांच्याबद्दल निराळंच काही जाईल अशी मला भीती वाटते.

मेजर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा आई शेगडी पेटवत होती. तिच्या हातातला लायटर बोलता बोलता बाबांच्या दिशेने झाला. मेजर पाटावरून उठले, दोन बोटांनी तो लायटर हळूच वळवून त्याचं तोंड भिंतीकडे केलं, आणि पुन्हा येऊन बसले. "तोंड कुनाकडं करायचं न्हाई, वैनी," एवढंच म्हणाले. आम्हाला वाटलं थट्टा आहे. पण पुढे पाहिलं, तर छत्री असो, टीव्हीचा रिमोट असो, नळी असलेली कुठलीही वस्तू त्यांच्या हातात आली की तिचं तोंड जमिनीकडे जायचं. माझ्या धाकट्या बहिणीची पिचकारीसुद्धा.

ते खरे मेजर नव्हते. साताऱ्याकडे फौजेत गेलेल्या कुणालाही गाव मेजरच म्हणतो. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, तेही हत्यारं दुरुस्त करणाऱ्या खात्यातून. मस्कतच्या दार्सैत भागात आमच्याच इमारतीत, आमच्या एक मजला खाली, चार जणांच्या खोलीत राहत आणि दोन वेळ आईच्या खानावळीत जेवत. बाबा एसीच्या कामावर फोरमन. तेव्हा सोमालियाकडचे चाचे जहाजं पळवत होते, आणि व्यापारी जहाजांवर बंदूकधारी रक्षक पाठवणाऱ्या लहान लहान कंपन्या निघाल्या होत्या. मेजर अशाच एका कंपनीत होते. बंदुका देशात आणायची परवानगी नसे. त्या किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या एका जुन्या जहाजावर ठेवलेल्या असत, आणि मेजर महिन्यातून दोनदा लाँचने जाऊन त्या तपासत.

समुद्राची त्यांना भीती वाटे आणि ती ते लपवत नसत. मी एकदा भीत भीतच विचारलं, तेव्हा म्हणाले, "भ्या वाटलंच पायजे. ज्याला भ्या वाटंना, त्याच्या हातात मी हत्यार देत न्हाई." मला हे ऐकून बरं वाटलं होतं. मला तर सगळ्याचीच भीती वाटायची. परीक्षेची, बाबांच्या व्हिसाची, रस्त्यात पोलिसाने राहण्याच्या परवान्याचं कार्ड मागण्याची.

मी बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा ते एका संध्याकाळी जेवण झाल्यावर थांबून राहिले. त्यांच्या मॅनेजरला नव्या बंदुका घ्यायच्या होत्या. नेहमीच्या लांब रायफली घ्याव्यात, की पिस्तुलाचीच गोळी वापरणाऱ्या आखूड कार्बाइन घ्याव्यात, यावर त्याने मेजरांकडून लेखी अहवाल मागितला होता. इंग्रजीत. "काय परफेसर, लिवशील का?" त्यांनी विचारलं. मला कोणी प्रोफेसर म्हटलं की संकोच वाटायचा आणि आवडायचंही.

त्यांनी आईचं लाटणं आणि केरसुणी मागून घेतली आणि जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली. लाटणं म्हणजे कार्बाइन, केरसुणी म्हणजे रायफल. आई म्हणाली, "मेजर, माझं लाटणं तेवढं नोकरीला लावू नका, उद्या वीस माणसांच्या पोळ्या आहेत." मेजर हसले, पण कामाला लागले. कार्बाइनवर त्यांचा राग नव्हता. फौजेत ती कित्येक वर्षं त्यांच्या गळ्यात होती. त्यांनी सांगितलं ते असं: ती हलकी, जहाजाच्या अरुंद जिन्यात कुठे अडकत नाही. धक्का कमी, त्यामुळे नवख्या पोराचाही नेम लागतो. गोळी स्वस्त, म्हणून सराव भरपूर करता येतो. एका रायफलीच्या पैशात जवळजवळ दोन येतात. मी भराभर उतरवून घेत होतो. मग ते थांबले आणि म्हणाले, "हत्यार सस्तं हाय, तर कशापायी सस्तं हाय ते आधी इचारायचं. उरलेलं हितं बसून कळायचं न्हाई."

त्या शुक्रवारी आम्ही टॅक्सी करून कुरुमच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. मला एका जागी उभं करून ते वाळूतून पावलं मोजत लांब गेले. बऱ्याच अंतरावर वळून त्यांनी हात वर केला आणि मोबाइलवर मला फोन लावला. विचारलं, हातात काय आहे? मला माणूस दिसत होता, हात दिसत होता, हातातलं काही दिसत नव्हतं. ते पुढे पुढे येत राहिले आणि मध्येच थांबून पुन्हा विचारलं. आता काहीतरी लांबट वस्तू आहे एवढं कळत होतं. काठी असेल, म्हणालो. ती त्यांची चप्पल होती.

"काठी म्हनलास, तिथनं हितवर शंभर मीटर," ते जवळ येऊन म्हणाले. "कार्बाइनची वट हितपत्तुरच. आता फास्ट बोट शंभर मीटर कापाया किती येळ घेती, मोज." मी मोजू लागलो, आणि आठवर त्यांनी माझ्या छातीवर तळवा टेकवला. तो गार होता. मला वाटलं घामामुळे असेल.

मग ते वाळूत बसले आणि मला नीट समजावून सांगितलं. मी आजवर धरून चाललो होतो की लांब बंदूक लांबच्या माणसाला मारण्यासाठी असते. मेजरांचं म्हणणं नेमकं उलट होतं. लांब पल्ल्याची बंदूक असली की येणाऱ्या बोटीच्या पुढे, चारशे मीटरवर, पाण्यात गोळी टाकता येते. मोठा आवाज होतो, पाणी उडतं. चाचा असेल तर समजतो की हे जहाज जागं आहे. कोळी असेल तर घाबरून वळतो. दोघेही जिवंत राहतात. आखूड बंदुकीला हे जमत नाही. ती हातात असेल तर बोट शंभरावर येईस्तोवर थांबावं लागतं, आणि मग आठ आकड्यांत ठरवावं लागतं. "रायफल टाइम देती, परफेसर. मारायचं न्हाई ह्याच्यासाठी टाइम." थोड्या वेळाने समुद्राकडे बघत म्हणाले, "माझ्या हातनं आजपत्तुर मानूस मेला न्हाई. म्हातारपनी त्ये नगं."

अहवालात एक वाक्य सगळ्यात वर घाल, असं त्यांनी मला बजावलं. ते वाक्य असं होतं: जहाजासाठी ही कार्बाइन घेऊ नका, हिने निष्पाप माणूस मरेल.

मी चार पानं लिहिली. आम्हाला शाळेपासून शिकवलं होतं तशीच लिहिली. आधी प्रस्तावना, मग फायदे, मग तोटे, मग दोन्ही बाजूंचा तोल सांभाळणारा समारोप. परीक्षेत अशा उत्तराला पैकीच्या पैकी मिळतात. त्यांचं वाक्य सगळ्यात वर घालून पाहिलं आणि लगेच काढून टाकलं. नोकर माणूस मालकाला असं सांगतो का? मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "मेजरांचा व्हिसा त्या साहेबाच्या हातात आहे. जरा सांभाळून लिही." मग मी ते वाक्य चौथ्या पानावर नेलं आणि त्याचं इतकं सभ्य इंग्रजी केलं की त्याचा अर्थ एवढाच उरला, की खुल्या समुद्रातील वापराबाबत काही मर्यादा विचारात घेता येतील.

मेजरांना इंग्रजी अक्षरं लावता येत, पण पान वाचता येत नसे. त्यांनी चारही पानं हातात घेऊन वजन केल्यासारखी धरली. टायपिंग बघून खूश झाले. सही करण्याआधी विचारलं, "माझं वाक्य आलं न्हवं?"

मी म्हणालो, "आलंय, काका."

तीन आठवड्यांनी कार्बाइन आल्या. मेजर जेवायला आले. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, साहेबाने कागद वाचला, खूप छान लिहिलाय म्हणाला, आणि त्याच कागदाच्या आधारे मागणी दिली. त्यांना हे कोडं उलगडत नव्हतं. एवढं स्पष्ट लिहूनही माणूस असं कसं करतो, असं ते बाबांना विचारत होते. बाबा माझ्याकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी कळलं की नव्या बंदुका घेऊन पहिल्या फेरीवर मेजर स्वतः निघालेत. ते काम त्यांचं नव्हतं, वयही नव्हतं. पण सोबतची तीन पोरं पंचविशीच्या आतली होती. "हत्यारावर सही माझी. ही पोरं पैल्या बोटीला धडाधडा गोळ्या घालतील. मी आसलो म्हंजे हात धरीन," ते म्हणाले. मी त्यांची बॅग खाली टॅक्सीपर्यंत नेली. जिन्याचे तीन मजले होते. प्रत्येक वळणावर मी ठरवत होतो की आता सांगायचं. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मेजरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली, अभ्यास कर म्हणाले, आणि बसले.

आठवड्यातून एकदा जहाजावरच्या फोनवरून ते बोलत. पहिल्या आठवड्यात फोन आला. दुसऱ्या आठवड्यात आला नाही. तिसऱ्याही नाही. कंपनीत फोन केला की 'इन्शाल्ला, उद्या' एवढंच उत्तर मिळायचं. मला झोपेत आकडे मोजलेले ऐकू यायचे आणि आठ व्हायच्या आत जाग यायची.

बातमी आणली ती सलीमभाईंनी. ते रत्नागिरीकडचे, मेजरांचे खोलीतले सोबती, बंदरात जहाजांच्या एका एजंटकडे कामाला, म्हणून दुसऱ्या बंदरांतलंही त्यांना कळे. भर दुपारी ते आमच्या दारात आले आणि आत न येता उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आधी म्हणाले, मेजर जिवंत आहेत, एक ओरखडाही नाही. आईने देवाला हात जोडले.

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. एक बोट सरळ जहाजावर चालून येत होती. एका पोराने लांबूनच पाण्यात गोळी झाडली, ती कुठे पडली ते बोटवाल्यांना दिसलंसुद्धा नसेल. मेजरांनी त्याचा हात धरला आणि थांबले. बोट अगदी जवळ आली तेव्हा त्यात एक जण उभा राहिला, हातात लांब काहीतरी घेऊन. मेजरांनी गोळी झाडली. बोट कोळ्यांची होती. त्यांची जाळी पुढे पसरलेली होती, ती तुटू नयेत म्हणून ते जहाजाला बाजूला हो म्हणून सांगायला येत होते. जो उभा राहिला तो जागीच गेला, आणि त्याच्या हातात वल्हं होतं.

बाबांनी विचारलं, आता मेजर कुठे आहेत? पुढच्या बंदरात जहाज अडवलंय, सलीमभाई म्हणाले, आणि मेजरांना उतरवून घेतलंय. कंपनीने हात वर केले. चौकशीवाल्यांना तो अहवाल पाठवून दिला आणि कळवलं, की ही हत्यारं आमच्या याच माणसाच्या शिफारशीवरून घेतली.

"चौकशीवाल्यांनी सगळा कागद त्यांना हिंदीत वाचून दाखवला," सलीमभाई म्हणाले. बोलताना ते माझ्याकडे नाही, आईकडे बघत होते. "मग विचारलं, तुला इंग्रजी येत नाही, तर हे लिहिलं कुणी? मेजर म्हणाले, मीच."