गाडीनं उचललेला भंडारा

नाथाजीला चोर म्हटलं ते लोणंदच्या कांदा बाजारात, भर सकाळी, वजनकाट्याजवळ, पंचवीस-तीस हमालांच्या देखत. म्हणणारा दुसरातिसरा कुणी नव्हता, त्याचा मालक लालासाहेब. ज्याची गाडी त्यानं सव्वीस वर्षं चालवली तोच.

"डिझेल विकतोस आन् वर रॉकेल ओततोस!" लालासाहेब गरजला. "चार महिन्यांत तीन फिल्टर काळे ठिक्कर. अ‍ॅव्हरेज गेलं खड्ड्यात. मी काय दूधखुळा वाटलो व्हय रं तुला?"

हमालांची पोती पाठीवरच राहिली. नाथाजीनं मान वर केली आणि एवढंच विचारलं, "टाकीला नळी लावताना कुणी बघितलंय मला?"

"चोर काय बोलावून चोरी करतो? खरा असशील तर तुमच्या बिरदेवाचा भंडारा उचल. गाडी शिरवळला भाऊसो मिस्त्रीकडं लाव, तो सांगंल रॉकेल हाय का न्हाई. परवा मी येतो तिथं. तूबी ये, भंडारा घेऊन."

भंडारा म्हणजे देवापुढची हळद. ती तळहातावर घ्यायची आणि बोलायचं. खोटं बोलणाऱ्याचं घर बसतं असं आटपाडीकडची माणसं मानतात आणि म्हणूनच तिकडं भांडण तिथंच मिटतं. लालासाहेब ऊसवाला, मेंढपाळांच्या त्या देवाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण ड्रायव्हरच्या गळ्याला कुठला देव बांधायचा हे अशा लोकांना बरोबर ठाऊक असतं.

नाथाजी मूळचा आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातला. त्याचा बाप दुसऱ्याची मेंढरं राखायचा. वाटेत एखादं मेंढरू मेलं तर बाप त्याचा कान कापून वाळवायचा आणि धोतराच्या सोग्यात बांधून महिनोन् महिने वागवायचा. परत आल्यावर मालकापुढं कान ठेवायचा. कान असेल तर मेंढरू मेलं, नसेल तर विकलं, असा सरळ हिशेब. नाथाजीनं मेंढरं सोडली, दुष्काळात पाण्याच्या टँकरवर गाडी शिकला, मग लालासाहेबाच्या दहाचाकीवर आला. पण बापाची खोड काही गेली नाही. गाडीचा जो भाग बदलेल तो जुना भाग तो सीटखालच्या पोत्यात ठेवायचा. ते तीन काळे फिल्टरसुद्धा त्यानंच जपले होते, आणि त्यानंच नेऊन मालकाला दाखवले होते. चोर असा वागतो का? पण एवढा विचार करायला डोकं थंड लागतं, आणि लालासाहेबाचं डोकं थंड असल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

गाडी शिरवळला लावून नाथाजी एसटीनं गावी गेला. देवळातून चिमटी-दोन चिमटी नव्हे, चांगली ओंजळभर हळद फडक्यात बांधून आणली. बायको बयाबाई म्हणाली, "उचला की. खरं हाय तर भ्या कशाचं?"

"भ्या न्हाई, राग हाय," नाथाजी म्हणाला. "मी उचलला तर लोक म्हणतील, देवानं सोडला. ह्यानं केलंच न्हाई असं कोण म्हणंल? उद्या दुसरा कोण गाडी देईल का मला?"

बयाबाईनं भाकरी बांधून दिली.

शिरवळला हायवेच्या कडेला भाऊसोचं दुकान. इंजिनाचे डिझेल पंप दुरुस्त करण्याचं. भाऊसोची वीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गेलेली, त्यामुळं हात साफ आणि तोंड फाटकं. लालासाहेब जीपमधून उतरला तेव्हा बाकावर तिन्ही फिल्टर उभे चिरून ठेवलेले होते.

"हुंगा," भाऊसो म्हणाला.

"मी कशाला हुंगू?"

"रॉकेल म्हणालात नव्हं? हुंगा की! नाक हाय न्हवं साबूत?" आणि मग तो सुटलाच. "रॉकेल न्हाई, काय न्हाई. हा टाकीच्या बुडाचा पंचवीस वर्षांचा गाळ हाय. दोन हजार वीसपासून देशभर नवं डिझेल आलं, तुमाला पत्ता हाय? गंधक काढत काढत पार संपवत आणलंय. चांगलं हाय, धूर कमी, पोरांच्या छात्या वाचतील. पर गंधक काढताना डिझेलची वंगणासारखी चिकटाईबी थोडी जाते. कंपन्या औषध घालून ती परत आणतात, म्हणून पंप तगतो. पर तुमच्या पंपातलं रबर जुनं. जुन्या डिझेलमध्ये फुगून बसल्यालं. नव्यात ते हळूहळू आकसलं, कडक झालं. तिथनं डिझेल गळतं. टाकीतला गाळबी आता सुटून फिल्टरात येतोय. नव्या गाडीला हे अमृत हाय मालक, ह्या म्हातारीला जुलाब!"

बाहेर चहा पिणारे दोन ड्रायव्हर खदखदून हसले. लालासाहेब लाल झाला. "गळतं तर खाली थेंब का न्हाई? तू आन् हा मिळून मला शेंडी लावताय."

खाली थेंब नव्हता हे खरं. जुनं इंजिन, वर बोटभर काजळी आणि धूळ. गाडी पळताना झिरपलेलं डिझेल त्या काजळीतच मुरत होतं, आणि गाडी उभी राहिली की झिरपणं थांबत होतं.

"धुवून, कोरडं करून पावडर मारली की दिसंल," भाऊसो म्हणाला. "थांबा, बाळाची पावडर मागवतो."

"नको," नाथाजी म्हणाला. गाडीच्या चाकाशी बसलेला तो फडकं घेऊन पुढं आला. "इंजिन धू तू."

भाऊसोनं ब्रशनं पंप धुतला, हवा मारून कोरडा केला. नाथाजीनं फडक्याची गाठ सोडली आणि मूठभर भंडारा पंपावर उधळला.

"आरं, देवाचा भंडारा इंजिनावर?" लालासाहेब ओरडला.

"मेंढरावर उधळतो तवा चालतंय. मालक, सव्वीस वर्षं मी हिच्यासंगं हाय. आधी ती उचलू दे. ती खोटी ठरली तर मग मी उचलतो."

गाडी चालू केली. दहा मिनिटं ती जागेवरच धडधडत राहिली. पिवळ्याधमक पंपाच्या बुडाशी, सांध्याजवळ, हळद आधी केशरी झाली, मग विटकरी. तिथून एक ओली रेघ खाली सरकली. दुसऱ्या सांध्यालाही तसंच. लालासाहेब वाकला, बोट लावलं, आणि शेवटी एकदाचं हुंगलं.

डिझेल.

"बरं झालं सापडलं," तो कंबर सरळ करत म्हणाला. "भाऊसो, नवी रबरं टाक. टाकी धू. नाथा, चल, च्या घे."

चोर म्हटलं तेव्हा चढला नव्हता एवढा राग नाथाजीला आता चढला.

"चोर म्हणायला बाजार लागला तुमाला," तो म्हणाला, "आन् चोर न्हाई म्हणायला च्या?"

"झालं गेलं. आता काय पाया पडू तुझ्या?"

"पाया नको. काट्याजवळ चला."

लालासाहेबानं भाऊसोकडं पाहिलं. भाऊसो पाना पुसत राहिला. चहावाले ड्रायव्हर आता हसत नव्हते, वाट बघत होते. नाही म्हटलं असतं तर त्यांच्यापैकी एकही उद्या लालासाहेबाची गाडी चालवायला आला नसता, आणि कांद्याचा हंगाम तोंडावर होता. एवढं गणित मात्र लालासाहेबाला आलं.

टाकी धुवून, नव्या जातीची रबरं बसवून दुपारी गाडी निघाली. लालासाहेबाला नाथाजीनं शेजारच्या सीटवर बसवलं. काट्याजवळ गाडी लागली. हमाल तेच होते.

"नाथाजीचा दोष नव्हता," लालासाहेब मिशीतल्या मिशीत पुटपुटला.

"मोठ्यानं, मालक. त्या दिशी समद्यांला ऐकू गेलं हुतं."

"नाथाजीनं चोरी केली न्हाई! पंप गळत हुता! मी चुकलो!"

"काय म्हनले?" मागून एका म्हाताऱ्या हमालानं विचारलं. त्याला खरंच कमी ऐकू यायचं. लालासाहेबानं दात खात तेच परत सांगितलं.

नाथाजीनं खिशातून जुनं रबर काढलं. काळी कडी, वाळून कडक झालेली. ती मालकाच्या तळहातावर ठेवली.

"हा घ्या कान," तो म्हणाला. "फुडच्या डायवरला चोर म्हणायच्या आदी ह्याच्याकडं बघा."

आणि वर गाडीची किल्ली ठेवून तो एसटी स्टँडकडं चालू लागला.