सुजाताताईंची सुपरडिस्क

कुणी झिप डिस्क घेऊन आलं की सुजाताताई गायकवाड त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवायच्या. "समोर जा. आपल्याकडं झिप चालत न्हाई." समोर म्हणजे माझ्याकडे. लातूरच्या एकाच गल्लीत आमची दोघांची डीटीपीची दुकानं. फ्लॉपीत न मावणारं काम ठेवायला मी झिप घेतली होती, त्यांनी सुपरडिस्क. एकीची डिस्क दुसरीच्या ड्राइव्हमध्ये जायची नाही, त्यामुळे गल्लीतली गिऱ्हाइकंसुद्धा वाटली गेली होती.

मी चिडवायचो, "ताई, अख्खं नांदेड झिपवर आहे. एकट्या पडाल." त्या हसायच्या. "भाऊ, तुमची झिप जुन्या फ्लॉपीला दारात उभं करीत न्हाई. माझी बाई दोघींना पोटात घेती. जुन्याला हाकलनारी माझ्या घरात नको!" ते खरंच होतं, सुपरच्या ड्राइव्हमध्ये साधी फ्लॉपीही चालायची.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. टँकर आला की आम्ही दुकानं उघडी टाकून घागरी घेऊन पळायचो. ताईंच्या हातून तर थेंब वाया जायचा नाही. डिस्कचंही तेच. ती हैदराबादहून मागवावी लागे, म्हणून काम छापखान्यात पोचलं की पुसायचं आणि तीच डिस्क पुढच्या कामाला लावायची. "पोचलं की पुसलं," असं त्या म्हणायच्या.

त्या उन्हाळ्यात त्या वडिलांचं पुस्तक करत होत्या. वडील चाकूरकडचे, निवृत्त पोस्टमास्तर. रोज दुपारी दुकानात बसून ते आपलं आयुष्य सांगायचे आणि ताई थेट सुपरडिस्कवरच टाइप करायच्या, कॉम्प्युटरमध्ये जागाच उरली नव्हती. विहिरीपासून लांब उभं राहून पाणी मागितल्याचं, छप्पन सालच्या दीक्षेचं, पहिल्या नोकरीचं. कागदावर काहीच नव्हतं. पुस्तक पुरं झालं आणि वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. आता त्यांच्या डोळ्यांदेखत पुस्तक व्हावं, एवढाच ताईंचा ध्यास होता.

छापखाना नांदेडचा, तिथे झिप. "ड्राइव्ह माझ्याकडे आणा, झिपवर उतरवून देतो," मी म्हणालो. त्या उसळल्याच. "माझे बाबा झिपवर? न्हाई!" अन् अख्खा ड्राइव्ह मांडीवर घेऊन एसटीनं नांदेडला गेल्या. तिथल्या ऑपरेटरनं तो जोडला, पडद्यावर पानं चाळून दाखवली आणि "घेतलं" म्हणाला. ताई परतल्या. हिंगोली नुकताच परभणीतून वेगळा जिल्हा झाला होता, तिकडच्या शाळांना नव्या जिल्ह्याची लेटरहेडं घाईनं हवी होती. ताईंनी डिस्क पुसली आणि कामाला लागल्या.

पुढच्या आठवड्यात त्या माझ्या दारात आल्या. "भाऊ, नांदेडहून फोन आला. पुस्तक उघडंना म्हनतेत. ड्राइव्ह घेऊन या म्हनतेत."

काय झालं ते माझ्या लक्षात आलं. त्या माणसानं पुस्तक घेतलंच नव्हतं. डिस्कवरचं पुस्तक उघडणारं चिन्ह, शॉर्टकट, तेवढं आपल्या पडद्यावर ठेवलं होतं. मी हे सांगितलं. ताई डिस्क माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "ह्याच्यातच होतं की, भाऊ." मी खूप खटपट केली. त्यावर आता हिंगोलीची लेटरहेडं होती, दुसरं काही नाही.

"तुम्हीच टाइप केलंय ना? आठवेल तसं परत लिहा," मी म्हणालो.

"एक बी पान आठवंना," त्या म्हणाल्या. "मी कुठं ऐकत होते? काना-वेलांटी बघत होते." हे ऐकून मी जेवढा हादरलो, तेवढा डिस्क पुसल्याचं ऐकूनही हादरलो नव्हतो.

वडिलांपासून त्यांनी काही लपवलं नाही. सांगून टाकलं आणि रोज त्यांच्या उशाशी बसून विचारायला लागल्या. हो असेल तर वडील बोट दाबायचे. पण हो-नाहीत आयुष्य किती मावणार? पावसाळ्याआधीच ते गेले.

पुस्तक निघालं तोवर सीडी आली होती, झिप आणि सुपर दोन्ही अडगळीत गेल्या होत्या. ताईंनी पातळसं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. सुरुवातीला हो-नाहीतून जुळवलेला थोडा मजकूर, मग पानापानावर एकेक प्रश्न आणि खाली कोरी जागा. 'बाबा, तुमच्या ओंजळीत पाणी ओतणारी बाई कोण होती?' 'बाबा, दीक्षेहून परतल्यावर आजी का रडली?' मी उभ्याउभ्याच शेवटच्या पानापर्यंत वाचत गेलो. तिथे छापलं होतं, 'बाबा, मी टाइप करत असताना तुम्ही मध्येच थांबून माझ्याकडे बघायचात. तेव्हा तुम्हाला काय विचारायचं होतं?'