मागच्या खोलीचं दार

कोकणातून इस्राएलला आल्यावर सासूबाईंना डिमोना गावात सरकारी वसाहतीतलं एक बैठं घर मिळालं होतं. एक खोली, पुढे स्वयंपाकघर. त्रेसष्ट साली माझं लग्न झालं, तेव्हा सासूबाई खोलीत झोपत आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात.

मागे खोली बांधायचं सासूबाईंनीच काढलं. त्या कोकणातल्या घरी नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा मध्ये नुसता साडीचा पडदा असे. "पलीकडे सासू खोकली की मी इकडे दचकायची," त्यांनी मला सांगितलं. "तुम्हाला पक्की भिंत पाहिजे."

हे कापडगिरणीत होते. गिरणीतले दोन मित्र मदतीला घेऊन यांनी सिमेंटचे ब्लॉक रचले, वर पत्रे घातले. खोलीला परसात उघडणारं स्वतंत्र दार होतं आणि कोपऱ्यात माझा छोटासा ओटा. त्यावर स्टोव्ह ठेवून मी पहिल्यांदा माझ्या हाताच्या अंदाजाने तिखट घातलं. आमटी जाळ झाली, पण यांनी निमूट खाल्ली.

थोड्याच दिवसांत नगरपरिषदेचा इन्स्पेक्टर आला. रुमानियाहून आलेला, उतारवयाचा, उन्हाने लाल झालेला माणूस. सासूबाईंना हिब्रू येत नव्हतं, म्हणून दोघांच्या मध्ये मी.

"तुम्ही परवानगी घेतलीत ती खोली वाढवायची," तो म्हणाला. "हे तर दुसरं घर झालं. वेगळं दार, वेगळी चूल. उद्या भाडेकरू ठेवाल."

"भाडेकरू कशाला? मुलगा आणि सून आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"मग एकच मिश्पाखा, एकच कुटुंब. मधल्या भिंतीत दार पाडा, परसातलं बंद करा. स्वयंपाक एका ठिकाणी. नाहीतर मला खोली पाडायला सांगावं लागेल."

मी सगळं मराठीत सांगितलं, पण स्टोव्हचं सांगताना माझी नजर ओट्याकडे गेली. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि मला म्हणाल्या, "विचार त्याला, दाराला कडी लावलेली चालते का?"

मी विचारलं. चालते, म्हणाला.

"आणि ती कुठल्या बाजूला लावायची, याचा काही कायदा आहे?"

तो कपात फुंकर घालता घालता थांबला. मग हसला. "गव्हेरेत, बाईसाहेब, असा कायदा माझ्या तरी वाचनात नाही."

"मग कडी सुनेच्या बाजूला," सासूबाई म्हणाल्या.

सुट्टीच्या दिवशी यांनी छिन्नी-हातोडा घेऊन भिंत फोडली. घरभर धूळ झाली. माझा स्टोव्ह पुढच्या स्वयंपाकघरात गेला. सासूबाईंची गादी आम्ही परसात झटकत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "सकाळचा स्वयंपाक तुझा, रात्रीचा माझा. तुझ्या वेळेला मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. तिखट कमी घाल म्हणजे झालं."

सुरुवातीचे काही दिवस आम्ही एकमेकींशी फार जपून वागलो. त्या दार वाजवून थांबत, मी लगबगीने उघडायची, मग दोघीही उंबऱ्यातच उभ्या राहायचो. पुढे त्यांचं वाजवणं तसंच राहिलं, पण मी आतून "या" एवढंच म्हणू लागले.

परसातलं दार यांनी अर्धं बुजवून तिथे खिडकी केली. इन्स्पेक्टर पुन्हा आला, आत-बाहेर हिंडला, कडी वरखाली करून पाहिली आणि ठीक आहे म्हणाला. शेजारच्या मोरोक्कन बाईलाही खोली वाढवायची होती. तिला तो आमचं दार दाखवायला घेऊन आला, तेव्हा सासूबाईंनी पुढे होऊन ते उघडून दाखवलं.

चौसष्टच्या उन्हाळ्यात मला दिवस गेले होते. दुपारी पुढची खोली तापायची. मागच्या खोलीत त्या मानाने गारवा असे. सासूबाई खिडकीखाली चटई टाकून लसूण सोलत बसायच्या, मी शेजारी आडवी व्हायची. त्या गावाकडच्या माणसांबद्दल काहीबाही सांगत राहायच्या. ऐकता ऐकता मला झोप लागायची, आणि जाग यायची तेव्हा माझ्या पायांवर त्यांनी त्यांचं जुनं लुगडं टाकलेलं असायचं.